विमानाची आग आणि माझी पिशवी



मागच्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, तो तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. मोठं विमान जमिनीवर उभं आहे, पंखाखालच्या इंजिनाच्या मागून ज्वाळा येतायत, धूर वर चढतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "कर्माचा उदय कुणाला चुकलाय?" आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. संध्याकाळपर्यंत आपल्या शिखरजीच्या यात्रेतून तिघींनी नावं काढून घेतली. रांचीपर्यंत विमान आणि पुढे गाडी असं ठरलं होतं. आता त्या म्हणतात, रेल्वेने जाऊ नाहीतर नको.

मी बी.कॉम. आहे, विमानातलं मला काय कळणार असं ह्यांनी चिडवलंच. पण व्हिडिओ बघून मला एक गोष्ट आठवली, दुसरी गोष्ट खटकली, आणि तिसरी माझीच लाज वाटण्यासारखी आहे. तिन्ही आज सांगते.

आधी तो व्हिडिओ कुठला ते. तो अमेरिकेतला, फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडोचा. 21 एप्रिल 2025 रोजी डेल्टा कंपनीचं एअरबस ए-330 विमान अटलांटाला निघत होतं. जागेवरून मागे ढकललं गेलं आणि उड्डाणाच्या आधीच एका इंजिनाच्या मागच्या नळकांड्यात ज्वाळा दिसल्या. आत 282 प्रवासी होते. कर्मचाऱ्यांनी घसरगुंड्या उघडल्या, सगळे खाली उतरले. एकालाही इजा झाली नाही. ही शेवटची ओळ ग्रुपवरच्या व्हिडिओत नव्हती. ती असती तर तो इतका फिरलाच नसता म्हणा!

आता मला काय आठवलं ते. माझं लग्न झालं तेव्हा सासरी गॅस यायचा होता, नंबर लावलेला होता. स्वयंपाक चुलीवर, आणि चहा-दूध पंपाच्या स्टोव्हवर. तुमच्यातल्या माझ्या वयाच्या मैत्रिणींना सांगायला नको, पण सुनांना सांगते. तो स्टोव्ह पेटवायची एक रीत होती. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, आणि मगच पंप मारायचा. बर्नर तापलेला असला की आतून येणाऱ्या रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत फरफरत लागते. घाई केली, थंड बर्नरवरच पंप मारला, की वाफेऐवजी कच्चं रॉकेल उसळून येतं, खालच्या वाटीत साचतं आणि पेट घेतं. पिवळा भडका हातभर वर! मी नवी नवरी, पहिल्याच आठवड्यात हे केलं. ओरडत मागे सरले आणि पाण्याची कळशी उचलली. सासूबाई शांतपणे पुढे झाल्या, माझ्या हातातली कळशी काढून घेतली, फडक्याने धरून टाकीची चावी सैल केली. हवा सुटली, रॉकेल वर यायचं थांबलं, आणि जे साचलं होतं ते जळून भडका बसला. "रॉकेलवर पाणी घालायचं नसतं ग," एवढंच म्हणाल्या.

त्या काळी पेपरात आठवड्याला एक तरी बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. त्यातले किती भडके स्टोव्हने उडवले आणि किती माणसांनी, हा विषय वेगळा, आणि त्यावर मी पुन्हा कधीतरी लिहिणार आहे.

तर विमानाचं इंधन म्हणजे मुळात रॉकेलच. जास्त शुद्ध केलेलं, पण जात तीच. आणि इंजिन चालू करायची रीतही आपल्या स्टोव्हच्या रीतीसारखीच क्रमाची. आधी बाहेरून दिलेल्या हवेच्या जोराने इंजिनाचं चाक फिरवतात. ते ठराविक वेगाला आलं की मग आत इंधन सोडतात आणि ठिणगी देतात. जाळ धरला की चाक आपल्या जोरावर फिरू लागतं. पण कधी इंधन सुटलं आणि नीट पेटलं नाही, किंवा आधीच्या प्रयत्नातलं इंधन आत साचून राहिलं, की ते उशिरा आणि भलत्या जागी पेटतं, आणि मागच्या नळकांड्यातून लांब ज्वाळा बाहेर पडतात. दिसायला भयंकर. खिडकीतून बघणाऱ्याची पाचावर धारण बसावी असं. पण ती आग बहुतेक वेळा ज्या भागात जाळ असायचाच अशा भागात असते, आणि तो भाग त्यासाठीच बनवलेला असतो. त्यावरचा उपायही सासूबाईंचाच. इंधन बंद करायचं, चाक मात्र फिरतं ठेवायचं, म्हणजे हवेच्या झोताने आतलं सगळं जळून किंवा उडून जातं.

यात एक विचित्र गोष्ट आहे. इंजिनाच्या आगीची सूचना देणारी यंत्रं इंजिनाच्या भोवतीच्या जागेत बसवलेली असतात, मागच्या नळकांड्यात नसतात. त्यामुळे अशी आग लागली तर पायलटसमोर घंटा वाजेलच असं नाही. त्याला ते कळतं खाली उभ्या असलेल्या, कानाला हेडफोन लावलेल्या माणसाकडून, टॉवरकडून, नाहीतर प्रवाशांनी हवाईसुंदरीला सांगितल्यावर. म्हणजे आपण खिडकीत बसलो असू आणि असं काही दिसलं, तर गप्प बसायचं नाही. बटण दाबायचं, हाक मारायची, दिसलं ते सांगायचं. मात्र सांगून झालं की आपलं काम संपलं. उठून दाराकडे धावणं हे आपलं काम नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नाही का? तसं मी म्हणत नाही. 12 जूनला अहमदाबादला झालं त्यानंतर विमान म्हटलं की पोटात गोळा येणं साहजिक आहे. विमानातल्या 242 पैकी 241 जण गेले. त्यात आपल्यापैकी कुणाचं कोण होतं, कुणाच्या ओळखीचं कोण होतं, हे ऐकत आपण आठवडाभर जेवलो नाही नीट. पण मला खटकतं ते हे, की आपण घाबरतो ते भलत्याच गोष्टीला. ज्वाळेला घाबरतो. आणि जमिनीवरच्या आगीत माणसं मारते ती बहुतेक वेळा ज्वाळा नसते.

22 ऑगस्ट 1985. इंग्लंडमधलं मँचेस्टर. सुट्टीला ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर निघालेल्या लोकांनी भरलेलं बोइंग 737. धावपट्टीवर धावत असतानाच धाडकन आवाज झाला. पायलटला वाटलं टायर फुटलं असावं. त्याने उड्डाण थांबवलं, ब्रेक बेताने दाबले, वेग कमी करून विमान शेजारच्या रस्त्यावर वळवून उभं केलं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण फुटलं होतं डाव्या इंजिनातलं जाळाचं डबडं, आणि त्याचा तुकडा पंखातल्या इंधनाच्या टाकीला लागला होता. इंधन गळत होतं आणि पेटलं होतं. विमान ज्या बाजूला तोंड करून थांबलं तिथे वारा असा होता, की ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर गेल्या. वारा काही जोराचा नव्हता, साधी झुळूक होती. विमान उडालंच नव्हतं. जमिनीवर उभं होतं, अग्निशमनाच्या गाड्या जवळच होत्या. 137 जणांपैकी 55 जण गेले. त्यातले बहुतेक भाजून नाही, विषारी धुराने गेले.

त्या अपघातातली एक गोष्ट मी वाचली आणि मला झोप लागली नाही. पंखावर उघडणाऱ्या आणीबाणीच्या खिडकीजवळ एक प्रवासी बाई बसली होती. तिने खिडकी उघडायला जे ओढलं ते खिडकीचं हँडल नव्हतं, खुर्चीचा हात होता. मग दुसऱ्या कुणीतरी हँडल ओढलं, तर सुमारे 22 किलोची ती झडप आतच, मांडीवर पडली. ती बाजूला करेपर्यंत वेळ गेला. त्या बाईचा काय दोष? तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. आज त्या खिडकीजवळच्या रांगेत बसणाऱ्याला हवाईसुंदरी येऊन समजावून सांगते ना, आणि आपण मान हलवत मोबाइल बघत असतो ना, ते समजावणं का असतं ते आता तरी लक्षात घ्या. मँचेस्टरनंतर त्या खिडकीपाशी जायची वाटही रुंद करायला लावली.

माझ्यातल्या बी.कॉम.ला जास्त पटलेली गोष्ट पुढची आहे. या अपघातानंतर इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या संस्थेत हेलन म्यूर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग केले. कागदोपत्री तर विमानं चांगली पास झालेली असतात. नियमच आहे, की निम्मी दारं बंद ठेवून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. मग खऱ्या आगीत कोंडी का होते? बाईंनी ओळखलं, की परीक्षेत कुणाला जिवाची भीती नसते. भीती तर निर्माण करता येत नाही, मग त्यांनी पैसे लावले. जे पहिल्या निम्म्यांत बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जास्त. बस्स, एवढ्यावर लोक खुर्च्यांवरून उड्या मारायला लागले, वाट अरुंद होती तिथे अडकून बसले. पाच पौंडांसाठी! आपल्या सेलमध्ये साड्यांच्या ढिगाभोवती काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता बॅगांचा हिशोब करा. त्या 90 सेकंदांच्या परीक्षेत कुणी वरचा कप्पा उघडून बॅग काढत नाही. समजा 180 माणसं आहेत. त्यातल्या फक्त वीस जणांनी उभं राहून कप्पा उघडला आणि प्रत्येकाने मागच्याला पाच सेकंद अडवलं. एकामागे एक धरलं तर शंभर सेकंद झाले. परीक्षेची सगळी वेळ संपली आणि वर दहा सेकंद उधारी. ही उधारी कोण फेडणार? बॅग काढणारा नाही. शेवटच्या रांगेतला फेडणार.

2016 च्या ऑक्टोबरात शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर असताना उजव्या इंजिनातली जड तबकडी फुटली. तिचा एक तुकडा जवळजवळ तीन हजार फुटांवरच्या गोदामाचं छप्पर फोडून आत पडला. उजवीकडे मोठी आग. विमानातले 170 जण वाचले. पण कर्मचारी ओरडून सांगत होते की सामान सोडा, तरी लोक बॅगा घेऊन येत होते, हे तपासात लिहिलेलं आहे. आणखी एक. एकाच प्रवाशाला गंभीर इजा झाली, ती आगीने नाही. डावीकडून उतरल्यावर तिकडचं इंजिन अजून चालू होतं, त्याच्या झोताने तो पडला. म्हणून म्हणते, कुठलं दार उघडायचं आणि कधी, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. आगीच्या उलट्या बाजूचं दार म्हणजे सुरक्षित, इतकं ते सोपं नसतं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर सप्टेंबर 2022 चं मस्कत आठवा. एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोचीला निघालं होतं, 141 प्रवासी. धावपट्टीकडे जाताना इंजिनातून धूर आला, घसरगुंड्या उघडल्या. काही जणांना खरचटलं-मुरगळलं, तेवढंच. घसरगुंडीवरून उतरताना थोडंफार लागतं, हेही मनात धरून ठेवावं. त्याचसाठी कर्मचारी उगीच घसरगुंडी उघडत नाहीत. आग विझत असेल तर बसून राहा म्हणतात, आणि तेव्हा बसून राहणं हेच शहाणपण असतं.

आता तिसरी गोष्ट. हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले.

गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला आम्ही दोघं विमानाने निघालो होतो. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूकही नव्हती. इंजिन चालू करताना एकदम घरघर झाली, अंगाखालची खुर्ची थरथरली आणि रॉकेलचा वास आत आला. तोच, स्टोव्हचा वास. पुढच्या रांगेतून कुणीतरी "धूर, धूर" म्हणालं. (धूर नव्हता. पावसाळ्यात एसीच्या जाळीतून थंड वाफ येते, ती होती.) पाचसात माणसं ताडकन उभी राहिली. मीही. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. त्यात माझ्या पाटल्या, सुनेसाठी केलेला हार, सासूबाईंची मोत्याची नथ आणि प्रवासाच्या दशम्यांचा डबा. ती पिशवी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि वाटेत सरकले.

हे खिडकीत बसले होते. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे. हाताला धरल्याशिवाय अरुंद जागेतून उठता येत नाही, हे मला गेली आठ वर्षं माहीत आहे. माझे दोन्ही हात पिशवीला होते.

हवाईसुंदरीने ओरडून सगळ्यांना खाली बसवलं. इंजिन बंद केलं, माणसं आली, बघून गेली, अर्ध्या तासाने पुन्हा चालू केलं आणि आम्ही वेळेवर अक्षतांना पोहोचलो. ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लग्नातही नाही, येतानाही नाही. घरी आल्यावर चार दिवसांनी चहा पिताना म्हणाले, "तुझ्या पाटल्या बऱ्या आहेत ना?" हसत म्हणाले. मी हसले नाही.

पर्युषणात दहा दिवस मंदिरात बसून मी आकिंचन्य धर्मावर प्रवचन ऐकते. परिग्रह-परिमाणाचं व्रत घेऊन मला बारा वर्षं झाली. वर्षाच्या शेवटी सोनं किती, भांडी किती, साड्या किती हे वहीत लिहिते. वही जुळते, जमाखर्च चोख. आणि उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हटलंय ते वस्तूला म्हटलेलंच नाही, वस्तूवरच्या मूर्च्छेला म्हटलंय. हे मी पाठशाळेत मुलींना शिकवलेलं आहे! मराठीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध जाणं. त्या दिवशी विमानात धूर नव्हता, तरी माझी शुद्ध गेलीच होती की. ती वही कुठल्या कामाची?

म्हणून ग्रुपवरचं ते "कर्माचा उदय" वाचून मला राग आला. आग लागणं हा उदय असेल, नसेल. पण दार शोधून ठेवणं, पट्टा बांधणं, शेजारच्याचा हात धरणं हा पुरुषार्थ आहे, आणि आपल्या धर्माने पुरुषार्थाला कधी रजा दिलेली नाही. पाणी गाळून पिताना आपण म्हणतो का, की जीव मरायचे असतील तर मरतील? मग विमानात बसल्यावरच कर्माची आठवण कशी येते? सूचना चालू असताना माळ ओढत डोळे मिटून बसणं मला तरी भक्ती वाटत नाही. णमोकार म्हणा, जरूर म्हणा, मीही म्हणते. त्या तीन मिनिटांनंतर म्हणा.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले सगळेच्या सगळे 379 जण बाहेर आले. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती. आठपैकी तीनच दारं वापरता आली. कर्मचारी हातातला भोंगा आणि घसा वापरून सांगत राहिले. लोकांनी सामान जागेवर सोडलं, रांग धरली. शेवटचा माणूस उतरला तेव्हा अठरा मिनिटं झाली होती, आणि नंतर विमानाचा सांगाडा झाला. सामानाच्या कप्प्यात दोन पाळीव प्राणी होते, ते मात्र वाचले नाहीत. बातमीत ते एका ओळीत होतं, पण माझी नजर तिथेच अडकली. ज्या मुक्या जिवाला दार ठाऊक नाही त्याला आपण सामान म्हणून का पाठवतो, हा प्रश्न त्या वेळी जपानमध्येही लोकांनी विचारला.

कंपन्यांबद्दलही मला बोलायचंय. आपल्याकडे विमानात सूचना होतात त्या इंग्रजीत आणि हिंदीत. कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या विमानात माझ्यासारख्या किती बायका असतात! बऱ्याच जणी पहिल्यांदाच बसलेल्या असतात. लेक पुण्यात, मुलगा बंगलोरला, म्हणून निघालेल्या. त्यांना हिंदी सिनेमातली हिंदी कळते, घाईची, भोंग्यातली हिंदी कळेलच असं नाही. एस.टी.त "संकटकालीन मार्ग" असं मराठीत लिहिलेलं असतं, ते आम्ही लहानपणापासून वाचत आलो. महाराष्ट्रातून उडणाऱ्या विमानात दोन मिनिटांची मराठी सूचना वाजवायला काय खर्च येतो, मी हिशोब केला तर शून्याच्या जवळच येतो. कुणीतरी हे विमानवाल्यांना लिहायला पाहिजे. मी पत्र तयार केलंय, मंडळाच्या पुढच्या बैठकीत सह्यांसाठी आणणार आहे.

तोपर्यंत दोन-तीन शब्द तोंडपाठ करा. "इव्हॅक्युएट" म्हणजे विमान सोडून बाहेर पडा. "लीव्ह एव्हरीथिंग" म्हणजे सगळं सोडा, पिशवी, डबा, चपलासुद्धा. उंच टाचेच्या चपला घसरगुंडीचं कापड फाडतात, म्हणून काढायला लावतात. आणि "सीटेड" ऐकू आलं की बसून राहा. आणखी एक, आम्ही स्टोव्हच्या काळातल्या बायका नायलॉनची साडी नेसून स्वयंपाक करायचो नाही, ती वितळून कातडीला चिकटते. तोच नियम मी विमानातही पाळते, सुतीच नेसते. सोनं नेसायचं असेल ते अंगावर घालते, नाहीतर नेतच नाही. नथ आता बँकेत आहे. औषधाची पट्टी, चष्मा, आधार कार्ड आणि फोन एवढं मावेल अशी एक छोटी कापडी पाकिटाची पिशवी शिवून घेतली, ती गळ्यात असते, दोन्ही हात मोकळे राहतात. दशम्यांचा डबा वरच्या कप्प्यात. तो जळाला तर जळाला.

मागच्या महिन्यात लेकीकडे जाताना ती पहिल्यांदा घातली. बसल्या बसल्या हे इकडे-तिकडे मान वळवून काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, काय म्हणताय? "मागे सहा रांगा, पुढे अकरा," म्हणाले. धुरात दिसत नाही, खुर्च्यांना हात लावत मोजत जायचं, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मला वाटलं होतं, ऐकत नाहीत. मग इंजिन चालू झालं, थरथरलं, तो वास आला, आणि त्यांनी हात पुढे केला.

तर ज्या तिघींनी नावं काढलीत त्यांना माझी विनंती आहे, रेल्वेने यायचं असेल तर खुशाल या, पण त्या व्हिडिओमुळे नको. तिकिटं अजून काढायची आहेत. नाव परत द्यायचं असेल तर मंगळवारपर्यंत मला कळवा, दुपारी दोन ते चार मी घरीच असते. आणि येताना सोनं घरी ठेवून या.